वाचक विचारतात: लंडनचे विमान आणि लंडनचा मुक्काम

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की परदेशप्रवासाची पत्रे वाढतात. या वेळची बहुतेक लंडनबद्दलची आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी पाउंड सगळीकडे 120 रुपयांचा धरला आहे. लंडनमधली गाड्यांची भाडी साधारणपणे दर मार्चमध्ये बदलतात, त्यामुळे भाड्याच्या आकड्यांपुढे 'सुमारे' आहे असे समजावे.

आम्ही चौघे आहोत, मुले 9 आणि 13 वर्षांची. मुंबई–हीथ्रो थेट विमानापेक्षा इस्तंबूलमार्गे स्टॅन्स्टेडला जाणे जाऊन-येऊन माणशी 9,000 रुपयांनी स्वस्त दिसते. 36,000 रुपये वाचतील. तिकीट काढून टाकू का? (नाशिक)

काढू नका. आधी हे एक तिकीट आहे की दोन, ते पाहा. बुकिंगच्या पानावर 'सेल्फ ट्रान्सफर' असे लिहिले असेल किंवा दोन वेगवेगळे पीएनआर मिळणार असतील, तर ती दोन स्वतंत्र तिकिटे आहेत. पहिले विमान उशिरा पोचले आणि दुसरे सुटले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे बुडाले, नवे तिकीट तुमच्या खर्चाने.

स्वतंत्र तिकिटांवर सामानही आपोआप पुढे जात नाही. इस्तंबूलला ते पट्ट्यावरून घ्यावे लागते, त्यासाठी देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे तुर्कस्तानचा व्हिसा आला. (वैध ब्रिटिश व्हिसा असलेल्या भारतीयांना ई-व्हिसा मिळू शकतो, पण त्यालाही अटी आहेत.) शिवाय इस्तंबूलला विमानतळ दोन. मोठा नवा विमानतळ युरोपच्या बाजूला, तर स्वस्त कंपन्यांचा सबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला. मध्ये रस्त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटर. तिकिटावर नुसते 'इस्तंबूल' पाहून समाधान मानू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा: मोठ्याचा आयएसटी, दुसऱ्याचा एसएडब्ल्यू.

आता पैसे. स्टॅन्स्टेड विमानतळ लंडनच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवर आहे. तिथून लंडनमधल्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला रेल्वेने पाऊण-एक तास लागतो आणि मोठ्या माणसाचे तिकीट वीस पाउंडांच्या वर जाते. दोघे मोठे पूर्ण तिकिटावर आणि मुले अर्ध्या तिकिटावर धरली तरी एका खेपेला सुमारे 70, जाऊन-येऊन 140 पाउंड. हीथ्रोहून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन माणशी सहाएक पाउंडांत मध्य लंडनला नेते. 11 वर्षांखालील मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जाते, म्हणजे तिघांचे दोन्ही खेपांचे 36 पाउंड. फरक 104 पाउंडांचा, साडेबारा हजार रुपये इथेच गेले. स्वस्त कंपनी चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे घेते. बॅगेमागे एका खेपेला 30 पाउंड धरले तरी चार बॅगांचे 240 पाउंड, म्हणजे 28,800 रुपये. तुमचे छत्तीस हजार संपून वर पाचेक हजारांचा भुर्दंड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

लंडनच्याच गॅटविक विमानतळाला मात्र या पंक्तीत बसवू नका. तिथून मध्य लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनला अर्ध्या तासात गाडी पोचते आणि काँटॅक्टलेस कार्ड चालते. एका तिकिटावर आखाती देशांतून एक थांबा घेऊन हीथ्रो किंवा गॅटविक, हा पर्याय माणशी नऊ हजार वाचवत असेल तर जरूर घ्या. थांबा दोन तासांपेक्षा कमी आणि पाचांपेक्षा जास्त नको. आणि 13 वर्षांच्या मुलासाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या गाड्यांचे प्रवासकार्ड) घेऊन स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. 11 ते 15 वयाला चौदा दिवस अर्धे भाडे पडते. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

आम्ही नागपूरहून मुंबईला विमानाने येऊन लंडनचे विमान पकडणार. मध्ये चार तास आहेत. पुरतील? (नागपूर)

एकाच पीएनआरवर असेल आणि दोन्ही विमाने टी-2 (टर्मिनल 2) वरची असतील तर पुरतील. वेगळ्या तिकिटांवर नाही.

डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुटतात. त्याचा कोड एनएमआय, मुंबईच्या जुन्या विमानतळाचा बीओएम. शोधताना 'मुंबई' म्हणून दोन्ही समोर येतात, आणि स्वस्त दिसणारे सकाळचे विमान नेमके नवी मुंबईचे निघू शकते. तिथून सहारच्या टी-2 ला यायला चाळीसेक किलोमीटर आणि गर्दीच्या वेळी दोन तास. जुन्या विमानतळावरही देशांतर्गत विमान टी-1 ला उतरले तर सामान घेऊन रस्त्यानेच टी-2 गाठायचे. परदेशच्या विमानाला तीन तास आधी हजर राहायचे असते, म्हणजे तुमच्या चार तासांतला एकच तास हातात उरतो. स्वतंत्र तिकीट असेल तर आदल्या दिवशी या. लंडनचे जाण्याचे विमान चुकले की त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही कंपनी सहसा रद्द करते, हे अनेकांना परत येतानाच कळते.

आणखी एक. मुंबईहून मध्यरात्रीनंतर बरीच विमाने सुटतात. तिकिटावर '15 मे, 00:40' असेल तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्री साडेनऊला पोचायचे. पंधराच्या रात्री निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. नागपूरचे तिकीट काढताना हाच घोळ उलटा होतो, म्हणून दोन्ही तिकिटे शेजारी ठेवून वार बोलून पाहा: 'गुरुवारी रात्री घर सोडायचे.'

पॅडिंग्टनला खोली 150 पाउंडांना आहे, साउथॉलला 85 ला. आम्ही दोघे आणि सात रात्री. लांब राहून फसू का? (सोलापूर)

पैशांत फसणार नाही. रोजचे 65 म्हणजे सात रात्रींचे 455 पाउंड. काँटॅक्टलेसवर दिवसभर कितीही फिरा, भाड्याला रोजची कमाल मर्यादा असते: झोन 1-2 (शहराचा मधला भाग) पुरती सुमारे 9 पाउंड, झोन 4 पर्यंत सुमारे 13. साउथॉल झोन 4 मध्ये. म्हणजे दोघांचे रोज 8, आठवड्याचे 56 पाउंड जास्त. तरी 400 वाचतात. मात्र ही मर्यादा लागू व्हायला प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे आणि दिवसभर तेच टेकवायला हवे. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याचा मोबाइल टेकवला तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे झाली. भारतातून निघताना कार्डाचा आंतरराष्ट्रीय आणि काँटॅक्टलेस वापर दोन्ही सुरू करून घ्या. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत.

खरा सवाल वेळेचा. 2022 मध्ये एलिझाबेथ लाइन ही रेल्वे सुरू झाल्यापासून साउथॉलहून मध्य लंडनचे टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशन अर्ध्या तासाच्या आत येते, हीथ्रो तर दहाएक मिनिटांवर. पण हॉटेल स्टेशनपासून किती लांब, ते नकाशावर चालण्याच्या मिनिटांत मोजा. 'साउथॉल' नावाखाली स्टेशनपासून दोन किलोमीटरवरची खोलीही विकली जाते. दहा मिनिटांच्या आत असेल तर घ्या, एरवी रोज बसची भर पडते. दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकायची सवय असेल तर लांबच्या हॉटेलातून ते जमत नाही. आमचे मत असे: तीन-चार रात्री असतील तर मध्यभागी, आठवडा असेल तर ईलिंग ब्रॉडवे किंवा साउथॉल. वेम्बलीही शाकाहारी जेवणासाठी उत्तम, पण नव्वद हजार माणसे मावणाऱ्या स्टेडियमवर सामना किंवा संगीताचा कार्यक्रम असेल त्या दिवशी खोल्यांचे भाव चढतात आणि स्टेशनात रांगा लागतात. तारखा आधी पाहा.

पॅडिंग्टन, बेजवॉटर, अर्ल्स कोर्ट भागातली स्वस्त हॉटेले बहुधा जुन्या चार-पाच मजली घरांतली असतात. तिथे बुक करताना पुढची कलमे वाचा. 'लोअर ग्राउंड' म्हणजे तळघर, खिडकी असली तर भिंतीसमोर. 'स्मॉल डबल' म्हणजे चार फुटी पलंग, दोघांना अपुरा. 'एन-स्वीट' लिहिले तरच न्हाणीघर खोलीत. 'प्रायव्हेट बाथरूम' फक्त तुमचे असले तरी बोळाच्या पलीकडे असू शकते. लिफ्ट लिहिली नसेल तर नाही असे धरा. एसी पुष्कळ ठिकाणी नसतो. जुलैत जाणार असाल तर तो बघाच, 2022 च्या जुलैत हीथ्रोला पारा 40 च्या वर गेला होता.

आईचे गुडघे दुखतात, वय 72. तिच्यासाठी कुठला भाग? (सांगली)

पॅडिंग्टन, आणि येणे-जाणे एलिझाबेथ लाइनने. हीथ्रोपासून पॅडिंग्टनच्या रस्त्यापर्यंत एकही जिना लागत नाही. पिकॅडिलीपेक्षा दुपटीहून जास्त भाडे पडेल, ते द्या. भुयारी रेल्वेच्या नकाशावर व्हीलचेअरची खूण निळी असेल तर रस्त्यापासून गाडीत शिरेपर्यंत पायरी नाही, पांढरी असेल तर फक्त फलाटापर्यंत. खूण नसलेल्या स्टेशनात लिफ्ट असली तरी पुढे पंधरा-वीस पायऱ्या निघू शकतात. शहरात फिरायला बसच बरी, सगळ्या बस खालच्या पायरीच्या आणि उतरंड असलेल्या आहेत. विमानतळावरची व्हीलचेअर प्रवासाच्या किमान 48 तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा. त्याचे पैसे पडत नाहीत.

पत्रात आंबेडकरांचे घर पाहायचे म्हटले आहे, ते 10 किंग हेन्रीज रोडला, चॉक फार्म स्टेशनपासून चालत थोडेच अंतर. आईंना घेऊन मात्र तिथे बसनेच जावे.

स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला तर कुकर-कढई न्यावी का? (कोल्हापूर)

आधी मालकाला शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई तापणारच नाही. चुंबक चिकटेल असे सपाट बुडाचे स्टीलचे भांडे न्या. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, फक्त पिन चौकोनी, म्हणून साधा ॲडाप्टर पुरतो. आणि फोडणी जपून. धुराचे अलार्म संवेदनशील असतात, मोहरी तडतडताना धूर झाला तर कधी इमारतीतल्या सगळ्यांना बाहेर यावे लागते आणि काही मालक त्याचे पैसे लावतात. चिमणी आधी सुरू करायची, खोलीचे दार बंद, खिडकी उघडी. मिरचीचा खाट तिथे नकोच.

लंडनमध्ये राहते घर वर्षाला जास्तीत जास्त 90 रात्रीच अल्पमुदतीने भाड्याने देता येते, त्यापुढे परवानगी लागते. म्हणून घरमालकाने ऐन वेळी बुकिंग रद्द करण्याचा धोका असतो. मुले बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेले 'अपार्टहॉटेल' घ्या. थोडे महाग, पण बेभरवशाचे नाही.

व्हिसाआधी तिकीट काढावे का? (रत्नागिरी)

नाही. ब्रिटिश सरकारचा सल्लाही तोच आहे. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. हॉटेल तेवढे मोफत रद्द होणारे धरून ठेवा. तिकिटावरचे नाव पासपोर्टातल्यासारखेच हवे. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव 'गिव्हन नेम'च्या ओळीत असते, ते गाळू नका.

लंडनहून परतीचे विमान पाच तास उशिरा पोचले. काही मिळते का? (ठाणे)

मिळते. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानाला, कंपनी कुठल्याही देशाची असली तरी, तिथला भरपाईचा नियम लागू होतो. 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात चार तासांहून अधिक उशीर आणि कारण कंपनीच्या हातातले, तर माणशी 520 पाउंड. तीन ते चार तासांसाठी 260. हवामान किंवा हवाई नियंत्रणामुळे उशीर झाला तर ही रक्कम नाही, पण खाणेपिणे आणि रात्र गेली तर हॉटेल द्यावेच लागते. जातानाच्या विमानाला हा नियम कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. बोर्डिंग पास, उशिराचे कारण सांगणारा संदेश आणि उतरल्यावर दार उघडल्याची वेळ जपून ठेवा. अर्ज थेट कंपनीच्या संकेतस्थळावर करा. मध्यस्थ त्यातला चांगला वाटा कापून घेतात. कंपनी व्हाउचर देऊ करेल, तुम्ही रोख मागू शकता.