मानदुखी, पुढे आलेलं डोकं आणि जिभेची ताकद

प्रश्न : वय ६८. मान कैक वर्षं दुखते. अलीकडे जेवण संपता संपता जीभ दमल्यासारखी वाटते. मानेचा यात काही संबंध?

असू शकतो. हनुवटीच्या मागे, गळ्याच्या वरच्या टोकाला कंठास्थी, म्हणजे हायॉइड, नावाचं छोटं हाड आहे. त्याचा दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांधा नाही. वरून जबडा आणि कवटी, खालून छातीचं हाड आणि खांद्याचं पातं, यांच्याकडून आलेल्या स्नायूंनी ते अधांतरी तोललेलं असतं. जिभेचं मूळही त्यालाच धरून आहे. डोकं पुढे आलं की नजर समोर राहावी म्हणून मानेचा वरचा भाग मागे मुडपतो, हनुवटी उचलली जाते आणि गळ्यापुढचे स्नायू ताणले जातात. घास गिळताना कंठास्थीला वर आणि पुढे सरकायचं असतं. ते आता या ताणाविरुद्ध. शिवाय जुन्या मानदुखीत मानेचे पुढचे खोल स्नायू मंदावतात आणि वरवरच्या स्नायूंवर जादा भार येतो. थोडक्यात, जिभेला रेटा द्यायला पक्का पाया उरत नाही. बघा करून : मान पुढे काढून, हनुवटी वर धरून आवंढा गिळा. मग ताठ बसून, हनुवटी किंचित आत घेऊन. फरक लगेच कळेल.

पण सगळं मानेवर ढकलू नका. वयानुसार दंड-मांड्यांचे स्नायू झिजतात, तशी जीभही अशक्त होते. रोजच्या गिळण्याला तिची पूर्ण ताकद लागत नाही, म्हणून ही घट बरीच वर्षं लक्षात येत नाही. शिल्लक कमी झाली की जेवणाच्या शेवटी थकवा जाणवतो.

प्रश्न : जिभेची ताकद मोजता येते?

येते. हवा भरलेला छोटा फुगा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये ठेवून जोरात दाबायला सांगतात. दाब किलोपास्कलमध्ये दिसतो. जपानमधल्या निकषांत ३० पेक्षा कमी दाब म्हणजे जीभ कमजोर. वाक्-गिळण उपचारतज्ज्ञांकडे विचारा.

प्रश्न : बसण्याची ढब सुधारली की जीभ आपोआप बळकट होईल?

नाही. ढब सुधारल्याने जिभेचं काम सोपं होतं. ताकद मात्र व्यायामानेच येते. जीभ टाळूवर जोर लावून दाबायची, काही सेकंद धरायची, सोडायची. आठवड्यातले बरेच दिवस आणि निदान दोन महिने. कंटाळवाणं आहे, पण उतारवयातही याने दाब वाढतो.

उताणं झोपून फक्त डोकं उचलून पायांकडे बघायचा व्यायाम गिळण्यासाठी सुचवला जातो. मान दुखत असेल तर तो स्वतःच्या मनाने करू नका. हनुवटीखाली मऊ चेंडू धरून दाबण्याचा पर्याय बसून करता येतो, मानेला सोसतो. तोही एकदा तज्ज्ञांकडून शिकून घ्यावा.

प्रश्न : डॉक्टरकडे केव्हा जावं?

जीभ अचानक जड झाली, बोलणं बोबडं झालं किंवा बाहेर काढलेली जीभ एका बाजूला वळली, तर तडक रुग्णालयात; तो पक्षाघात असू शकतो. पाणी पिताना वारंवार ठसका, गिळल्यावर आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा वाटणं, वजन घटणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, यांची तपासणी लांबवू नका. मानदुखीबरोबर शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवर दाब आहे का ते पाहावं लागतं. आणि मणक्यांच्या पुढच्या बाजूला वाढलेलं हाड कधी कधी थेट अन्नमार्गावरच दाब देतं. त्यावर जिभेचे कितीही व्यायाम केले तरी अडथळा तिथेच राहतो.