एस्टिमेट दोन वेगळी मागा

ताई, तुमच्या भावाच्या जांघेतली गाठ, फॉलिक्युलर लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) स्टेज १, रेडिएशनसोबत रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन, आणि आता विमा कंपनीची क्वेरी... वाचून पोटात कालवलं. तीन वर्षांपूर्वी ठाण्यात आम्ही ह्यातूनच गेलो. बायकोच्या मानेत गाठ होती.

उपचारांबद्दल डॉक्टरांचंच ऐका, मी त्यातला नाही. आम्हाला समजावलं ते असं: जिथे रेडिएशन दिलं तिथे हा आजार सहसा परत येत नाही, आला तर दुसरीकडे येतो. म्हणून जोडीला रिटुक्सिमॅब, सीडी२० हे प्रथिन अंगावर असलेल्या पेशींवर जाणारं इंजेक्शन. बायकोला २४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) दिलं, १२ सिटिंगमध्ये.

आमचं नुकसान झालं ते कागदावर. हॉस्पिटलच्या विमा डेस्कने दोन्हींचं मिळून एकच एस्टिमेट केलं आणि वर लिहिलं 'इम्युनोथेरपी'. मी न वाचता सही केली. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांनुसार इम्युनोथेरपी, म्हणजे रिटुक्सिमॅबसारखं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन, पॉलिसीतून वगळता येत नव्हतं, पण त्याच्या खर्चावर मर्यादा घालता येत होती. आमच्या पॉलिसीत ती होती. त्या एका शब्दामुळे रेडिएशनचा खर्चही त्याच मर्यादेत कोंबला! रोज डेस्कवर जायचो, रोज एकच उत्तर, "टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) मेल आला नाही." अठरा दिवस गेले. शेवटी डॉक्टरांनीच स्वतंत्र पत्र दिलं आणि रेडिएशन वेगळं मंजूर झालं. त्या अठरा दिवसांत ही आरशासमोर उभी राहून मान चाचपायची, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा रेडिएशनचं एस्टिमेट वेगळं, इंजेक्शनचं वेगळं, आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. पॉलिसीतला 'आधुनिक उपचार' हा भागही काढून बघा, अशी मर्यादा तिथे असू शकते. नकार आलाच तर लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करून महिन्यात दाद लागली नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं, तिथे फी नाही. तुमची पॉलिसी वेगळी असू शकते, पण माझं मत ठाम आहे.

पहिलं इंजेक्शन हळूहळू सोडतात, अख्खा दिवस जातो. हिला थंडी भरली होती, नर्सने वेग कमी केल्यावर थांबली. शाल न्या.

आणि हे आजच विचारा: इंजेक्शनआधी हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, झाल्यात का? जुना, दबलेला संसर्ग ह्या औषधाने उसळू शकतो.