बेरिल, बार्बाडोस आणि कॅरियाकू: भर समुद्रात वादळाचा जोर मोजतात कसा

प्रश्न थोडक्यात असा होता: जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल झाली, आपली टीम बार्बाडोसला अडकली, चॅनेलवाल्यांनी 'महाभयंकर बेरिल वादळ' म्हणून डोकं उठवलं आणि शेवटी बार्बाडोसला तसं फार काही झालंच नाही, मग कॅटेगरी ४ हा आकडा आला कुठून, तिथे तर सगळा समुद्रच आहे, मोजायला कोण गेलं होतं, की हे लोक जरा फुगवूनच सांगतात?

आधी सरळ उत्तर देतो. फुगवलेलं काही नव्हतं. (हरिकेन म्हणजे अटलांटिककडचं चक्रीवादळ, आणि कॅटेगरी म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून त्याला दिलेली १ ते ५ ची पायरी.) बार्बाडोस वाचलं कारण डोळा, म्हणजे वादळाचा मध्य, तिथून शंभरावर किलोमीटर दक्षिणेकडून गेला, आणि जिथून तो गेला त्या कॅरियाकूवर घर म्हणावं असं फारसं काही उरलं नाही. कॅरियाकू हे ग्रेनेडा देशातलं छोटं बेट, चौतीसेक चौरस किलोमीटरचं, शेजारचं पटीट मार्टिनिक धरून नऊ-दहा हजार वस्ती असेल. दोन्ही मिळून साधारण ९८ टक्के इमारतींचं नुकसान झालं असा आकडा नंतर आला. त्याच्या उत्तरेला लागून युनियन आयलंड, ते सेंट व्हिन्सेंट या शेजारच्या देशाचं, तिथली ९० टक्के घरं गेली असं त्यांच्या पंतप्रधानांनीच सांगितलं. आपल्याकडे बातमी फक्त टीमची झाली कारण कॅमेरे टीमच्या हॉटेलबाहेर होते, कॅरियाकूला कोण जाणार.

आता वेळापत्रक बघा, क्रिकेटशी लावून सांगतो म्हणजे लक्षात राहील. २८ जूनला तिकडच्या संध्याकाळी अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरने, म्हणजे एनएचसीने, बार्बाडोसच्या पूर्वेला जवळपास दोन हजार किलोमीटरवर डिप्रेशन, म्हणजे वादळाची आधीची पायरी, जाहीर केलं, रात्री त्याला बेरिल नाव मिळालं. २९ ला ब्रिजटाऊनला फायनल, सूर्यकुमारचा तो कॅच, आपल्याकडे मध्यरात्री फटाके. त्यानंतर तीनेक तासांनी, आपल्याकडचे रात्रीचे अडीच वाजलेले, बेरिल ६५ नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) जाऊन हरिकेन झालं. आणि ३० जूनची तिकडची दुपार व्हायच्या आत ११५ नॉट, कॅटेगरी ४! म्हणजे अठरा-एकोणीस तासांत पन्नास नॉट वाढ. 'रॅपिड इंटेन्सिफिकेशन', म्हणजे झपाट्याने वाढ, म्हणायला २४ तासांत ३० नॉट पुरतात, त्यावरून अंदाज करा. डिप्रेशनपासून कॅटेगरी ३ पर्यंत ४२ तास लागले फक्त. आणि हे सगळं जूनमध्ये, जिथे कॅटेगरी ४ ची त्याआधी नोंदच नव्हती, सगळ्यात लवकरचं म्हणजे २००५ चं डेनिस आणि तेही ८ जुलैचं.

मोजलं कसं. तीन पातळ्या आहेत आणि तिन्हीचा स्वभाव वेगळा आहे, हे कळलं की बुलेटिन वाचायला मजा येते.

पहिली, सॅटेलाइटचं चित्र. वादळ लांब असतं तेव्हा एवढंच हातात असतं. व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पद्धत बसवली, ढगांचा आकार बघायचा, पट्टे किती गुंडाळलेत, डोळा दिसतो का, डोळा किती गरम आणि भोवतीचे ढगमाथे किती थंड, यावरून टी नंबर द्यायचा. टी ४ म्हणजे ६५ नॉट, टी ५ म्हणजे ९०, टी ६ म्हणजे ११५. आपलं हवामान खातंसुद्धा हेच वापरतं, अरबी समुद्रात काही आलं की त्यांच्या बुलेटिनमध्ये टी नंबर असतो, बघा कधी. थोडक्यात वैद्याची नाडीपरीक्षा आहे ही, आतल्या रक्ताचा रिपोर्ट देत नाही पण मुरलेल्या माणसाचा अंदाज सहसा फार चुकत नाही. अडचण एकच, या पद्धतीत मुद्दाम ब्रेक ठेवलेत. अमुक तासांत टी नंबर अमुकपेक्षा जास्त वाढवायचा नाही असे नियम आहेत, कारण एखादा ढगांचा भपका उठला म्हणून कोणी उगाच आकडा चढवू नये. नेहमीच्या वादळाला ते बरोबर आहे. पण बेरिलसारखं वादळ पिसाळलं की हाच ब्रेक आड येतो आणि आकडा खऱ्या वाऱ्याच्या मागे राहतो.

म्हणून दुसरी पातळी, सॅटेलाइटचंच पण मायक्रोवेव्ह लहरींचं चित्र. साध्या इन्फ्रारेड चित्रात वरचं पांढरं छप्पर दिसतं, खाली काय चाललंय ते झाकलेलं. मायक्रोवेव्ह त्या छपरातून आरपार बघतो. ध्रुवावरून फिरणारे काही सॅटेलाइट दिवसातून मोजक्या वेळा त्या जागेवरून जातात, नशीब असेल तर नेमकं वादळ पट्ट्यात सापडतं. त्यात केंद्राभोवती पूर्ण बंद गोल कडं दिसलं, आणि साध्या चित्रात अजून डोळ्याचा पत्ता नाही, तर समजायचं की पुढच्या दिवसभरात हे भसकन वाढणार आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर कॅटेगरीचा आकडा बघत बसणाऱ्याला वाढ नेहमी उशिरा कळते. वाढ आधी रचनेत दिसते, मग दाबात, मग वाऱ्यात, आणि कॅटेगरी बदलते सगळ्यात शेवटी.

तिसरी पातळी विमान. होय, खरंच विमान घेऊन आत जातात. अमेरिकन एअरफोर्स रिझर्व्हची डब्ल्यूसी-१३० आणि नोआची, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेची, पी-३, दोन्ही चार पंख्यांची. ३० जूनला ही विमानं बेरिलमध्ये पोचली आणि कॅटेगरी ४ वर शिक्का बसला तो त्यांच्या मोजमापावरून. साधारण तीन किलोमीटर उंचीवरून डोळ्याच्या आरपार जातात, तिथला वारा मोजतात आणि खाली समुद्रालगत साधारण त्याच्या ९० टक्के धरतात. विमानाला एक रेडिओमीटर लावलेला असतो, तो लाटांवरच्या फेसावरून खालचा वारा काढतो. शिवाय ड्रॉपसोंड सोडतात, छोट्या पॅराशूटची नळी, खाली पडता पडता दाब, तापमान, आर्द्रता, वारा पाठवत राहते. नळी डोळ्याच्या बरोबर मध्यात पडली नाही आणि समुद्रापाशी वारा २० नॉट निघाला, तर मोजलेल्या दाबातून २ मिलिबार वजा करतात, दर १० नॉटला १. इतका बारीक हिशोब असतो. या मोजमापांचा विमान जो रिपोर्ट पाठवतं, व्होर्टेक्स मेसेज, तो सगळ्यांसाठी खुला असतो, त्यात डोळा किती मैलांचा आणि त्याच्या भोवतीची ढगांची भिंत बंद आहे का कुठल्या बाजूला उघडी हे लिहिलेलं असतं. मी कॅटेगरीच्या आधी तेच वाचतो.

मग ही विमानं सगळीकडे का जात नाहीत? कारण पल्ला. कॅरिबियनच्या सेंट क्रॉइ बेटावरून उडून वादळापर्यंत जायचं, आत काही तास फिरायचं आणि परत यायचं, त्यामुळे वादळ अटलांटिकच्या मध्यात असताना सगळा भरवसा सॅटेलाइटवर. बेरिलची सगळ्यात जोरदार वाढ नेमकी विमानाच्या टप्प्यात येताना झाली हे आपलं नशीब म्हणायचं. शेवटच्या टप्प्यात उत्तरेकडच्या मार्टिनिक बेटाच्या रडारवरही ते दिसायला लागतं, पण तोवर बेटावरच्या माणसाच्या हातात फार वेळ नसतो.

वाढलं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण पुढे कोणीतरी विचारणारच. जूनमध्ये त्या पट्ट्यात वादळं होत नाहीत याची कारणं ठरलेली, पाणी अजून तापलेलं नसतं, सहाराची कोरडी धुळकट हवा येते, आणि वरच्या थरातला वारा वेगळ्या दिशेने वाहून वादळाचं डोकं उडवतो. त्या वर्षी पाणी २८-२९ अंश होतं, आणि नुसता पृष्ठभाग नाही तर खोलपर्यंत गरम, सप्टेंबरात असतं तसं. वरचा वारा मंद होता. वादळाचा गाभा लहान होता, आणि लहान गाभ्याचं वादळ जसं पटकन चढतं तसंच पटकन उतरतंही. उतरायला मात्र कारणच मिळालं नाही. एनएचसीने वाढ ओळखली होती हेही सांगायला हवं, २९ लाच त्यांनी लिहिलं की बेटांवर पोचायच्या आधी हे मेजर हरिकेन (कॅटेगरी ३ किंवा वर) होईल. त्यामुळे लोकांना कळलंच नाही असं झालेलं नाही.

एक फसवी जागा मात्र आहे. ३० च्या रात्री बेरिल थोडं उतरलं, कॅटेगरी ३ वर आलं. सोशल मीडियावर लगेच सुरू, 'चला, जोर कमी झाला'. हे जे होतं त्याला आयवॉल रिप्लेसमेंट म्हणतात. जोरदार वादळात आतल्या भिंतीबाहेर दुसरं कडं तयार होतं, ते आतलीची रसद तोडतं, आतली मरते, तेवढा काळ कमाल वारा घसरतो, आणि मग बाहेरची भिंत आकसत आत आली की परत चढतो. दरम्यान बऱ्याचदा वाऱ्याचा पसारा रुंद झालेला असतो. म्हणजे आकडा उतरला तरी धोका उतरेलच असं नाही. १ जुलैच्या सकाळी परत कॅटेगरी ४, आणि तिकडच्या सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी, आपल्याकडे रात्री पावणेनऊच्या सुमारास, डोळा कॅरियाकूवर. त्या वेळच्या बुलेटिनमध्ये वारा ताशी २४० किलोमीटर. घराच्या भिंतीवरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १२० च्या कॅटेगरी १ ला जो धक्का बसेल त्याच्या चौपट, आणि पत्र्याचं छप्पर चौपट जोर धरून ठेवायला बनवलेलं नसतं.

आता बार्बाडोस का वाचलं. हरिकेनच्या ताकदीचा वारा बेरिलच्या डोळ्यापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरपर्यंतच होता, बार्बाडोस त्याच्या बाहेर राहिलं. त्याच कारणाने ग्रेनेडाच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला जबर मार बसला पण दक्षिणेला राजधानी सेंट जॉर्जेसकडे तुलनेने कमी. शिवाय उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या हाताला वारा जास्त, कारण वादळाचा स्वतःचा वेग त्यात मिळतो. बेरिल पश्चिमेकडे ताशी तीसेक किलोमीटरने धावत होतं, उजवा हात म्हणजे उत्तर, आणि उत्तरेला युनियन आयलंड. नकाशा समोर ठेवा, सगळं जुळेल. आणि बार्बाडोसला 'काहीच झालं नाही' हेही तितकंसं खरं नाही. लाटांनी ब्रिजटाऊनच्या मच्छीमारांच्या बोटी धक्क्याला आपटून फोडल्या, कितीतरी गेल्या. कोकणातल्या माणसाला बोट जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. एअरपोर्ट बंद होता म्हणून टीम अडकली, ४ जुलैला सकाळी दिल्ली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, ते सगळ्यांनी पाहिलंच.

अजून एक, जे मला या सगळ्यात जास्त लागलं. त्या भागातले शिडाच्या बोटीवाले ग्रेनेडाला हरिकेनच्या पट्ट्याबाहेरचं धरतात, मोसमात बोटी मुद्दाम तिकडे नेऊन ठेवतात, विमा कंपन्यांच्या अटीही त्याच हिशोबाच्या. २००४ ला आयव्हनने ग्रेनेडाची जायफळाची झाडं झोपवली तेव्हाच तो समज जायला हवा होता, पण माणूस वीस वर्षांत विसरतो. कॅरियाकूला टिरेल बे म्हणून जागा आहे, तिथे खारफुटीत बोटी घुसवून दोरांनी बांधतात, पिढ्यानपिढ्यांचा उपाय. बेरिलमध्ये तिथल्याही बोटी एकमेकींवर चढून बसल्या.

पुढच्या वेळी स्वतः बघायचं असेल तर एनएचसीची मुख्य बुलेटिनं आपल्या वेळेने दुपारी अडीच, रात्री साडेआठ, पहाटे अडीच आणि सकाळी साडेआठला येतात, बेटांना इशारा लागला की मधली पण येतात. नुसता नकाशा बघू नका, 'डिस्कशन' नावाचं पान उघडा, तिथे फोरकास्टर स्वतःची शंकासुद्धा लिहितो. आणि नकाशावरचा तो पांढरा शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे, केंद्र कुठे असू शकेल त्याची शक्यता आहे, हे दरवर्षी सांगावं लागतं. आकड्यांची आपल्या वादळांशी तुलना करताना जपून, त्यांचा वारा एका मिनिटाच्या सरासरीचा असतो आणि आपल्या खात्याचा तीन मिनिटांच्या, त्यामुळे तेच वादळ त्यांच्या आकड्यात थोडं जास्त दिसतं. त्यामुळे २०२० च्या निसर्ग वादळाचे ताशी ११०-१२० किलोमीटर आणि बेरिलचे २४० शेजारी ठेवताना तेवढं ध्यानात घ्या, फरक तरीही प्रचंडच राहतो. बेरिल १ जुलैच्याच रात्री पुढे कॅटेगरी ५ झालं, अटलांटिकमधलं आजवरचं सगळ्यात लवकरचं, पण तेव्हा ते कॅरिबियन समुद्रात मोकळ्या पाण्यावर होतं. जमैकाच्या बाजूचं वेगळं प्रकरण आहे, कोणाला हवं असेल तर खाली विचारा, सवडीने लिहितो.