मीर सुलतान खान यांना ग्रँडमास्टर म्हणावे का?

आपण विचारले आहे की, १९२९ ते १९३३ या काळात युरोपात खेळलेले पंजाबचे बुद्धिबळपटू मीर सुलतान खान यांना ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाचे मानकरी, म्हणणे योग्य आहे का, आणि त्यांचे आयुष्य नेमके कसे होते.

आता तर ते कागदोपत्रीही योग्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. माझ्या मते हा किताब त्यांना १९५० मध्येच मिळायला हवा होता. त्या वर्षी फिडेने ग्रँडमास्टरांची पहिली अधिकृत यादी केली, तिच्यात २७ नावे होती आणि त्यांत १९३२ नंतर स्पर्धांतून निवृत्त झालेले पोलंडचे दिग्गज खेळाडू अकिबा रुबिनस्टाइनही होते. म्हणजे खेळाडू आता खेळत नाही, ही अडचण मानली गेली नव्हती. याच रुबिनस्टाइन यांना सुलतान खान यांनी १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, हरवले होते, आणि यादी झाली तेव्हा सुलतान खान हयात होते. (भारताचे पहिले ग्रँडमास्टर हा विश्वनाथन आनंद यांचा १९८८ सालचा मान मात्र अबाधितच राहतो, सुलतान खान यांचा किताब मानद आहे.)

त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील मिठ्ठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांकडून ते बुद्धिबळ शिकले, पण ते देशी पद्धतीचे. मीही लहानपणी आजोबांकडून देशी डावच शिकलो, त्यामुळे या फरकाची अडचण मला अनुभवाने ठाऊक आहे. प्रांतागणिक नियम थोडेफार बदलत; तरी सर्वसाधारणपणे प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नसे, किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकाच वेळी होणारी चाल) नसे, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता येई, आणि प्यादे शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल त्याच मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. अशा खेळात पहिल्या दहाबारा चालींत समोरासमोर गाठ पडत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या चाली पाठ करण्याची सवयच लागत नाही. उलट संथपणे मोर्चेबांधणी करण्याची आणि डावाचा शेवट जपून खेळण्याची सवय लागते. सुलतान खान यांचे बळ आणि उणीव ही दोन्ही येथूनच आली, असे मला वाटते.

पंजाबातील मोठे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय दिला आणि युरोपीय नियम शिकण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये त्यांनी ९ डावांपैकी ८ जिंकून आणि १ बरोबरीत सोडवून अखिल भारतीय अजिंक्यपद मिळवले आणि १९२९ च्या वसंतात ते लंडनला पोचले. तेथे त्यांच्या सरावासाठी भरवलेल्या छोट्या स्पर्धेत ते तळाला राहिले. त्यानंतर विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही ते अजिंक्यपद त्यांच्याकडेच गेले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध डाव १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील, माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याविरुद्धचा. पांढरी मोहरी घेऊन खेळताना त्यांनी वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले आणि ६५ व्या चालीपर्यंत पकड घट्ट करत नेली. या डावात त्यांनी किल्लेकोट केलाच नाही. राजा आधी पटाच्या मध्यभागी राहिला आणि पुढे एकेक घर चालत वजिराच्या बाजूला गेला. देशी डावात मुरलेल्या माणसाला अशा राजाची धास्ती वाटत नाही, हे हा डाव पटावर मांडून पाहिले म्हणजे कळते. त्या स्पर्धेत ते नेदरलँड्सचे मॅक्स ऑयवे आणि कापाब्लांका यांच्यामागे तिसरे आले. प्राग ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर, म्हणजे प्रत्येक संघाच्या सर्वांत बलवान खेळाडूशी खेळताना, त्यांनी १७ डावांपैकी ८ जिंकले, फक्त २ गमावले आणि तत्कालीन जगज्जेते अलेखिन यांना बरोबरीत रोखले. हे सर्व करताना इंग्लंडची थंडी त्यांना मानवत नव्हती. सर्दी, घशाचे दुखणे आणि हिवताप सतत मागे लागलेले असत.

आता त्यांच्याविषयीच्या आख्यायिकेबद्दल. एक निरक्षर नोकर उचलून युरोपात नेला आणि त्याने दिग्गजांना हरवले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्यांच्या कुटुंबीयांनी या चित्राला स्पष्ट हरकत घेतली आहे, आणि मलाही ती रास्त वाटते. इंग्रजी न येणे म्हणजे निरक्षर असणे नव्हे. मात्र त्यांचे येणे-जाणे आश्रयदात्यावर अवलंबून होते, हे नाकारता येत नाही. १९३३ च्या अखेरीस उमर हयात खान मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले, आणि जेमतेम पाच वर्षांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच थांबली.

मराठी वाचकांना जवळची वाटेल अशी एक नोंद त्यानंतरची आहे. १९३५ मध्ये त्यांचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. त्यात खाडिलकरांना एकच डाव बरोबरीत सोडवता आला. बाकीचे नऊ सुलतान खान यांनी जिंकले. म्हणजे परतल्यावर खेळ उतरला म्हणून ते थांबले, असे म्हणायला जागा नाही. पुढची तीस वर्षे त्यांनी सरगोधा भागात आपल्या जमिनीवर काढली आणि एप्रिल १९६६ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या थोरल्या मुलाने सांगून ठेवले आहे की, वडिलांनी आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगाचे काहीतरी करा, असे ते म्हणत.