स्त्रीरोगतज्ज्ञ न होता स्त्री-आरोग्याचे काम आणि संशोधन करता येईल का?

प्रश्न : एमबीबीएसनंतर मी बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित सेवा करीत आहे. ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच स्त्रियांच्या तक्रारी पाळी, अंगावरून पांढरे जाणे आणि पाळणा लांबवणे यांविषयीच्या असतात. मला फॅमिली मेडिसिन करायचे आहे. परंतु हेच काम करायचे तर स्त्रीरोगशास्त्र घे, फॅमिली डॉक्टरला त्यात वाव नाही आणि संशोधनाला तर नाहीच, असे वरिष्ठ सांगतात. आपले मत काय? – एक वाचक, बीड

उत्तर : शस्त्रक्रिया आणि गुंतागुंतीची बाळंतपणे यांपुरते तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे बरोबर आहे, तिथे तज्ज्ञच हवा. मात्र स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा फार मोठा भाग शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर असतो. सासूच्या रक्तदाबासाठी आणि मुलाच्या तापासाठी ज्या दवाखान्यात स्त्री वर्षानुवर्षे येते, तिथेच ती उठता उठता दबक्या आवाजात स्वतःचे दुखणे सांगते. तेवढ्यासाठी ती तालुक्याच्या तज्ज्ञाकडे वेगळी जाईलच, असे नाही.

तुमच्या जिल्ह्याचेच घ्या. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. उचल घेऊन गेलेल्या जोडप्याला खाडा परवडत नाही, फडावर पुरेसे पाणी नसते आणि आडोसाही नसतो, जंतुसंसर्ग अर्धवट उपचारांवर रेंगाळतो आणि शेवटी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटू लागतो. तिशीतल्या स्त्रीचे बीजकोषही त्यासोबत काढले गेले, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. वास्तविक पांढरे जाणे प्रत्येक वेळी आजार नसतो. तपासणी करून संसर्ग आढळल्यास योग्य औषध आणि गरजेनुसार नवऱ्यावरही उपचार, रक्तस्राव जास्त असल्यास कारण शोधून ट्रानेक्सॅमिक ॲसिड किंवा संप्रेरकांच्या गोळ्या, रक्तक्षयासाठी लोह, एवढे फॅमिली डॉक्टरच्या हातात नक्कीच आहे. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याआधीच्या या पायऱ्या कोणी तरी नीट चढल्या पाहिजेत, आणि ते काम मला कोणत्याही शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे वाटते.

गर्भपाताच्या सेवेबाबतही कायदा तुम्हाला दार बंद करीत नाही. नियमांनुसार मान्य केंद्रात २५ गर्भपातांना साहाय्य करून त्यांपैकी किमान ५ स्वतंत्रपणे केलेला एमबीबीएस डॉक्टर १२ आठवड्यांपर्यंत ही सेवा देऊ शकतो. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करण्यासाठी २०२१च्या नियमांत स्वतंत्र, अधिक सुटसुटीत प्रशिक्षण सांगितले आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरीही अनेक ठिकाणी ती मागितली जाते आणि त्या हेलपाट्यांत मोलाचे आठवडे निघून जातात. हे तुमच्या केंद्रात होऊ देऊ नका.

आता संशोधनाविषयी. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि तपासलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. डॉ. बंग स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, हे खरे. परंतु त्या अभ्यासाचे बळ रुग्णालयात आलेल्या नव्हे, तर गावात राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्यात होते, आणि फॅमिली डॉक्टर नेमका तिथेच उभा असतो. तुमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या या अभ्यासाने २००९मध्ये दाखवून दिले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय कमी होतात. जगभर उद्धृत होणारे ज्ञान मराठवाड्यातल्या गावांतून निघाले आहे.

एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनचा डीएनबी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रबंध लिहावा लागतो. रुग्णालय निवडताना प्रसूती विभागात आणि कुटुंबनियोजन केंद्रात प्रत्यक्ष काम किती मिळते, तांबी बसवायला शिकवतात का, हे आधीच्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या. पुढे संशोधनाची गोडी टिकली, तर सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेता येईल. मुंबईतील परळची, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थाही तुमच्या वाटेवर आहे.

प्रबंधाचा विषय शोधायला तुम्हाला दूर जावे लागणार नाही. ‘पिशवी काढायची आहे’ असे म्हणत येणाऱ्या स्त्रीला नेमका कोणता त्रास होता, आधी कोणते उपचार पूर्ण झाले होते आणि उपचार पूर्ण केल्यावर किती जणींची मागणी टिकली, एवढी नोंद एक हंगाम नीट ठेवता आली तरी तो उपयुक्त अभ्यास ठरेल. त्यासाठी नोंदी सुरू करण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता घ्यावी, प्रत्येकीला तिच्या बोलीत समजावून संमती मिळवावी, आणि नकार दिला तरी उपचारांत फरक पडणार नाही हे तिला स्पष्ट सांगावे. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यामुळे मान्यतेचा अर्ज पावसाळ्यातच करावा लागेल.