हिला मी लवकर चालवलं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत ती शिरली आणि एक पाय दुसऱ्याच्या पुढे टाकून उभी राहिली. बस म्हटल्यावर आधी ओढणी गुडघ्यांवर पसरली, मग बसली. वय १९, बारावी झालेली, कागलकडची (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). "माझे पाय फेंगडे आहेत. मला एअर होस्टेस म्हणून घेतील का?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "मॅडम, हिला मी लै लवकर चालवलं. मालीशबी कमी पडली. शेतात जायचं म्हणून सारखी कडेवर घेतलेली."

मी मुलीचा प्रश्न तसाच ठेवला. इतकी वर्षं आई हे मनात घेऊन फिरत होती, ते आधी उतरवायला हवं होतं. बाळांचे पाय दोन वर्षांपर्यंत बाहेरच्या बाजूला वाकलेलेच असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलट गुडघे आत येतात आणि सातव्याच्या आसपास पाय सरळ होतात. निरोगी हाड कडेवर घेतल्यानं किंवा लवकर चालल्यानं वाकत नाही. दोन वर्षांनंतरही बाक वाढत गेला, एकाच पायाला असला किंवा दुखत असला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. ड जीवनसत्त्वाअभावी होणारा मुडदूस, गुडघ्याजवळच्या वाढीच्या थरातला दोष, वाकडं जुळलेलं फ्रॅक्चर अशी कारणं असतात. काहींची तर घराण्याचीच ठेवण तशी असते.

"हिचे बाबा कसे चालतात?" मी विचारलं. आई एकदम हसली.

मुलगी मात्र हसली नाही. रात्री गुडघे ओढणीनं करकचून बांधून झोपते, म्हणाली. कुठल्याशा व्हिडिओत बघितलेलं. तिच्या भीतीचं मूळही तेव्हाच सापडलं: चुलतभावाला सैन्यभरतीत गुडघ्यांतल्या अंतरावरून बाहेर काढलं होतं. आमच्याकडं भरती म्हटलं की तीच मापं डोळ्यांसमोर येतात.

तिला मी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. घोटे जुळवून उभी केली, तर गुडघ्यांत जेमतेम तीन बोटं अंतर. दुखणं नाही. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत वाढ पूर्ण झालेली दिसली. या वयात पट्ट्यानं किंवा व्यायामानं हाड सरळ होत नाही. उरते ती हाड कापून जुळवायची शस्त्रक्रिया, आणि डॉक्टरांच्या मते हिला तिची गरजच नव्हती. मांड्यांचे व्यायाम तेवढे दिले, ताकदीसाठी.

नोकरीचं म्हणाल तर आपल्याकडं साधारण वयाची १८ वर्षं, बारावी आणि वैद्यकीय तपासणी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या मुलींना १५५ सेंटिमीटर उंची मागतात, एमिरेट्स १६० मागते आणि वर टाचा उचलून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोचतो का तेही बघते. वजन, नजर, कान, दिसणारे टॅटू हेही पाहतात. काम अंगमेहनतीचं: तासन्‌तास उभं राहायचं, जड ट्रॉली ढकलायची, संकटात दार उघडून माणसं बाहेर काढायची. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळताना, निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी पाय दमदार हवेत. पण मुलाखतीत दिसण्यालाही वजन असतं आणि ते कुणाच्या नजरेला काय वाटेल यावर ठरतं. मी खात्री दिली नाही, तसं तिला सांगितलंही.

पुढच्या खेपेला ती इंग्रजीच्या तयारीचंच बोलत होती. उंची १५७ भरली होती. निघताना आई दारात थांबली.

"तरीपण मॅडम, कडेवर लै घेतलं हुतं हिला."

"आई, चल आता," मुलगी म्हणाली आणि तिचा हात धरून जिना उतरायला लागली.