जिभाऊ आजोबांचा दिवस १६ डिसेंबरला का नसतो

चि. अन्वीस, अनेक आशीर्वाद.

जिभाऊ आजोबा १९७१ च्या लढाईत गेले, मग त्यांच्या श्राद्धाचा दिवस विजय दिवसाला का करत नाहीत, आणि श्राद्धाच्या दिवशी घरात सगळे एवढे गप्प का असतात, असं तू विचारलंस. यंदा तू बाबांबरोबर गावी असशील आणि तुझ्या हातालाही काम येईल, म्हणून नीट लिहिते.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनेच्या नियाझींनी शरणागतीवर सही केली, सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. तो दिवस देशाचा. घरचा दिवस माणूस गेला त्या तिथीचा. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि त्याच्या आदल्याच दिवशी मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. म्हणजे ती सगळी लढाई मार्गशीर्ष वद्यात झाली. जिभाऊंची तिथी वद्य अष्टमी. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे जाते. २०२३ च्या मार्गशीर्षातली वद्य अष्टमी २०२४ च्या जानेवारीत आली होती.

मोबाइलवर तिथी शोधताना इथेच फसगत होते. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे हाच पंधरवडा तिथे ‘पौष कृष्ण’ म्हणून दिसतो. मराठी कॅलेंडरच बघ. त्यातही चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते, श्राद्धाला मात्र अपराह्णाची धरतात. दिवसाचे पाच भाग केले तर चौथा भाग तो अपराह्ण; आपल्याकडे डिसेंबरात साधारण दुपारी दीड ते पावणेचार. सप्तमी सकाळी अकराला संपत असेल, तर कॅलेंडरवर सप्तमी दिसली तरी दिवस त्याच तारखेला करायचा. ज्या घरी नक्की तिथी कळलीच नाही, फक्त तार आली, तिथे त्या महिन्याची अमावस्या धरतात.

स्वयंपाक साधा आणि कांदा-लसणाशिवाय: खीर, कढी, भात, गंगाफळाची भाजी, उडदाचे वडे. चंपाषष्ठीला वांगं मोकळं झालेलं असतं आणि शिवारात भरिताचा हंगाम असतो, तरी या पानावर भरीत नाही. वांगं पितरांना वर्ज्य, शिवाय भरताला लसूण हवाच. आठ-दहा माणसांना अर्धा किलो उडीद डाळ पुरते. थंडीत ती भिजायला पाच तास तरी दे. वाटताना पाणी जेमतेम घाल आणि मीठ तळायच्या वेळीच टाक. आधी घातलं की पीठ सैल होतं आणि वडे तेल पितात. खिरीत गूळ घालायचा तर पातेलं खाली उतरवून थोडं निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं, आणि त्या दिवशी दुसरं दूध मिळेपर्यंत वेळ टळते.

आगारी, म्हणजे निखाऱ्यावर पितरांना घास देणं, हा खानदेशातल्या या दिवसाचा गाभा. अंगण सारवून गोवरी पेटवायची ती स्वयंपाक संपायच्या अर्धा-पाऊण तास आधी. वरून राख धरलेला लाल निखारा हवा. गोवरी अर्धी कच्ची असली तर तूप टाकल्यावर नुसता धूर होतो, घास जळत नाही. नाना दक्षिणेकडे तोंड करून बसतील. जिभाऊंचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून हे काम धाकट्या भावाकडे आलं. पानातल्या प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा घास तुपात भिजवून निखाऱ्यावर ठेवतात. मग काळे तीळ घातलेलं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडतात. देवाला सोडतो तसं बोटांच्या टोकांवरून नाही. एक पान धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, कावळ्याला, एक गाईला, आणि त्यानंतर घरचे जेवतात.

गप्प राहण्याचं कारण हेच. हे जिभाऊंना वाढलेलं जेवण आहे, आणि पितरांच्या पंगतीत मौन पाळायची रीत आहे. ‘खीर छान झाली’ असं कौतुकसुद्धा त्या दिवशी करत नाहीत. पानं उठली की मात्र विचार, नाना सांगतील. त्यांना विचारलेलं आवडतं, पण स्टेटसला फोटो टाकण्याआधी त्यांची परवानगी घे. मला विचारशील तर टाकूच नये.

फोटो आणि मेडलं पुसण्याचं काम तुझं. फोटोला गंध लावताना काचेच्या मधोमध लाव. कडेला ओलं लागलं की फ्रेमच्या फटीतून आत झिरपतं आणि जुना कागद काचेला चिकटतो. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल कोरड्या मऊ फडक्यानेच पूस. चिंच किंवा भांड्याची पावडर बिलकूल नको, अक्षरं झिजतात. रिबन उन्हात ठेवू नकोस, रंग उडतो. फोटोभोवती तिरंगा लावायचा नाही; झेंडा सजावटीला वापरू नये असा नियमच आहे.

वर्षात आणखी दोनदा त्यांची आठवण होते. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या पितरांबरोबर घागर भरून वर डांगर (खरबूज) ठेवतात, तेव्हा. आणि भाद्रपद वद्य चतुर्दशीला. कॅलेंडरमध्ये तिथे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. शस्त्राने गेलेल्यांचा पितृपक्षातला दिवस तोच, त्यांची तिथी कुठलीही असो. जिभाऊंचं पितृपक्षातलं पान म्हणून अष्टमीला नसतं, चतुर्दशीला असतं.

इथे टोरांटोत दुपारचा दीड वाजतो तेव्हा गावी मध्यरात्र असते, तोवर तिथी बदललेलीही असू शकते. म्हणून मी इथल्या पंचांगावरून दिवस धरते. तो कधी गावासारखाच, कधी एक दिवस आधी येतो. काकूंना यंदाची तारीख विचारून कळव, ताडून बघते.

तुझी
आई